भाग न जाणारा आहेर

लग्नाला जाताना पाकिटात आहेर घालायचं काम आमच्या घरी आईचं. नोटा कितीच्या घालायच्या हे नातं बघून ठरे, पण वरचं एक रुपयाचं नाणं ठरलेलं. ५० नाही, ५१. १०० नाही, १०१. लहानपणी मी विचारलं होतं, काहून असं? तर म्हणाली, "शून्यावर संपलं की भाग पडतात बाई. वर एक रुपया असला की कोणाले वाटून घेता येत नाही. संसार अखंड राहते."

सातवीत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ५१ म्हणजे सतरा त्रिक. मग घरातल्या सगळ्या शुभ रकमा तपासायला घेतल्या. २१ म्हणजे सात त्रिक. ५०१ ला ३ ने भाग जातो. १००१ ची अवस्था सगळ्यात वाईट, ७, ११ आणि १३ असे तिघं हिस्सेदार. १०१ आणि २५१ तेवढ्या खरोखर अखंड निघाल्या. आईला सांगितलं तर पोळी उलटता उलटता म्हणाली, "देणाऱ्याचं मन पाह्यतात, पहाडे नाही."

आमची प्रेस नागपूरच्या महालात. बडकस चौकातून आत वळलं की दोन गल्ल्या सोडून. बाबांनी १९६८ साली एक जुनी, पायाने चालवायची ट्रेडल छपाई मशीन घेऊन ती सुरू केली. कामं ठरलेली. लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, हँडबिलं, आणि पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत वर्गणीची पावती पुस्तकं. आधी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीचे मारबतवाले यायचे, मग गणपतीवाले, मग देवीवाले. त्या दीडेक महिन्यावर आमचं वर्ष निघायचं.

ज्यांनी छपाई फक्त संगणकावरची पाहिली त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक खिळा. खिळ्यावर अक्षर उलटं. लाकडी केसमध्ये शेकडो खण, काना-मात्रांचे वेगळे, जोडाक्षरांचे वेगळे, आकड्यांचे वेगळे. कंपोझिटर एका हातात स्टिक धरून दुसऱ्या हाताने एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. छापून झालं की तेच खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. हे शेवटचं काम उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे असे. पत्र्याखाली मे महिन्याची दुपार, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेला कूलर, आणि समोर शाईने बरबटलेला खिळ्यांचा ढीग. आमच्या कंपोझिटरला सगळे मामा म्हणत. त्यांचा हात न बघता बरोबर खणात जायचा.

त्या केसमध्ये कायम तुटवडा असायचा तो १ चा. कारण उघड होतं. प्रत्येक तारखेत १९८१ की १९८२, म्हणजे एक तर आलाच. प्रत्येक देणगीत १०१, १११, ११११. मामा ओरडायचे, "एक संपले! कोणतं काम सोडू?" मग आधी जुळवलेल्या पानाची, म्हणजे फर्म्याची, छपाई उरकून खिळे मोकळे होईपर्यंत दुसरं काम थांबायचं.

दुसरी भानगड होती ९ ची. देवनागरी १ आणि ९ या तशाही चुलत बहिणी, आणि उलट्या खिळ्यात तर कोणती कोण हे ओळखायला डोळे ताणावे लागत. एका वर्षी मीच खिळे टाकताना ९ चे काही १ च्या खणात टाकले. एका मंडळाची दहा पावती पुस्तकं "देणगी रु. १९१" अशी छापून गेली, हवी होती १११ ची. मंडळाचे कार्यकर्ते संध्याकाळी पुस्तकं घेऊन दारात. बाबा काही बोलले नाहीत, फुकट पुन्हा छापून दिली. रात्री साठच्या बल्बखाली बसून १ चा सगळा खण त्यांनी एकट्याने निवडला, तांदूळ निवडावेत तसा.

पण त्या संध्याकाळची मला आठवण आहे ती वेगळ्याच कारणाने. त्या कार्यकर्त्याने बाबांना ऐकवलं, "काका, १११ चा आकडा आम्ही मुद्दाम घेतला. देवाच्या पैशाले भाग नाई जायले पाह्यजे." मी कोपऱ्यातून बोलून गेले, "जातो ना. सदतीस त्रिक एकशे अकरा." तो थांबला. मनात हिशेब केला असावा. म्हणाला, "मग ११११ करा." ते बाबांनी अर्थातच केलं नाही, पण मी मागच्या कात्रणावर भागाकार मांडला. ११ ने भाग जातो, उत्तर १०१. आणखी एक १ वाढवला, ११,१११. आता ३ ने जाईना, ७ ने जाईना, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, कशानेच जाईना. मला वाटलं सापडली, देवाची रक्कम सापडली. ४१ ला गाडी थांबली. ४१ गुणिले २७१.

तेव्हापासून हा माझा छंद. नुसत्या एकांनी बनलेली कोणती संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी? ११ आहेच. त्यानंतर?

सहा एकांचं उत्तर मला मामांनी दिलं, आणि त्यांना आपण गणित सांगतोय याची कल्पनाही नव्हती. सहा १ चे खिळे स्टिकमध्ये लावले. मध्ये बारीक जागा सोडून दोन-दोनचे तीन गट केले, मग तीन-तीनचे दोन. म्हणाले, "जितके खिळे सारखे वाटता येतात, तितकी संख्या फुटते." अगदी खरं. १११,१११ म्हणजे ११ गुणिले १०,१०१, आणि तीच १११ गुणिले १,००१. एकांची मोजदाद जर सारख्या गटांत वाटता येत असेल तर ती संख्या फुटणारच. म्हणजे ४, ६, ८, ९, १० एकांच्या संख्या बघायच्याच नाहीत. मूळ संख्येइतके एक असतील तिथेच आशा. तिथेही फक्त आशा, हमी नाही, कारण तीन एक फुटले आणि पाच एकही फुटले.

सात एकांनी मला घाम फोडला. शंभरच्या पुढे जाऊन मी सोडून दिलं होतं. दहावीच्या सुट्टीत पुन्हा बसले, २३९ ला सापडलं, जोडीदार ४,६४९. अकरा एकांना ११ ने भाग जाईल असं नावावरून वाटतं, पण नाही जात, बाकी १ उरते. ती संख्या २१,६४९ आणि ५,१३,२३९ यांचा गुणाकार आहे, आणि तो हाताने शोधणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

तेरा एकांचं मात्र वाईट वाटतं. मला तेव्हा युक्ती माहीत असती तर पाच मिनिटांचं काम होतं. युक्ती अशी. एकांची मोजदाद ही ३ पेक्षा मोठी मूळ संख्या असेल, तर त्या ओळीच्या प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केला की उरलेल्याला त्या मोजदादीच्या दुपटीने भाग गेलाच पाहिजे. सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या छोट्या प्रमेयातून हे निघतं. अवयव q असेल तर १० चा तेरावा घात q ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि फर्मा सांगतो की १० चा (q−१) वा घातही तशीच बाकी देतो. १३ ही मूळ असल्याने हे दोन्ही जमायला १३ ने q−१ ला भागावंच लागतं. q विषम, म्हणून २६ ने. मग तेरा एकांसाठी उमेदवार फक्त २७, ५३, ७९, १०५ असे सव्वीस-सव्वीसच्या टप्प्यावरचे. २७ मूळ नाही. ५३ ने भाग जातो. ७९ नेही जातो. उरतं २६,५३,७१,६५३.

७९ पाहून मी हसले होते, कारण तो आकडा लहानपणापासून ओळखीचा. बाबा रविवारी सायकलवरून झिरो माइलला न्यायचे. चार घोडे, तो वाळूच्या दगडाचा खांब, आणि त्यावर कोरलेली गावं आणि मैल. सिवनी ७९, छिंदवाडा ८३, बैतूल १०१. तिन्ही मूळ संख्या. हैदराबाद ३१८, आणि हा ३१८ का चुटपुट लावतो ते पुढे सांगते. लोक तिथे उभे राहून देशाचा मध्य म्हणून फोटो काढतात. मी अजूनही तिथून जाताना मैलांचे अवयव पाडते.

मधल्या काळात दिवाळीच्या शुभेच्छापत्राची गंमत झाली. बाबांना कुठून तरी कापरेकर मास्तरांची माहिती मिळाली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ चा, फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि आयुष्यभर देवळालीच्या शाळेत शिकवणारे. चार आकडी संख्येचे आकडे उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी ६१७४ येतो, ती जादू त्यांचीच. पण बाबांना आवडल्या त्यांच्या डेम्लो संख्या. डेम्लो हे मुंबईजवळच्या डोंबिवली स्टेशनाचं त्या काळचं नाव, त्यावरून ठेवलेलं. ११ गुणिले ११ बरोबर १२१. १११ गुणिले १११ बरोबर १२३२१. असं करत नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१, चढून उतरणारा जिना. बाबा म्हणाले, कार्डावर हा अख्खा मनोराच छापू.

मामांनी हिशेब केला. नऊ ओळी, डावीकडचे सगळे एक, उजवीकडच्या उत्तरांच्या दोन्ही टोकांचे एक, मिळून १०७ खिळे हवेत. आमच्या खणात तितके चांगले नव्हते. बाकीचे बाजूच्या प्रेसमधून उसने आणले, वजन करून, आणि परत करताना वजन करून दिले. (१०७ मूळ आहे. मी विचारलेलं नाही, पण सवय.) दहावी ओळ का नाही म्हणून एका गिऱ्हाइकाने विचारलं. दहा एकांचा वर्ग केला की हातचा येतो आणि जिना कोसळतो, उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. बाबांना ती ओळ कार्डावर अजिबात नको होती. मला तीच सगळ्यात आवडली.

खिळ्यांच्या केसने मला आणखी एक गोष्ट शिकवली. एकांच्या ओळी फुटतात म्हणून आपण रडतो, पण उलटं पाहा. शेवटी ०, २, ४, ५, ६, ८ नसलेली कोणतीही संख्या घ्या, ती एकांच्या कुठल्या ना कुठल्या ओळीला नक्की भागते. १९ घ्या. १९ ने भागल्यावर बाकी ० ते १८, म्हणजे एकोणीस खण. आता १, ११, १११ अशा वीस ओळी घेऊन प्रत्येक ओळ तिच्या बाकीच्या खणात टाका. वीस ओळी, एकोणीस खण, म्हणजे एका खणात दोन ओळी पडणारच. मोठीतून लहान वजा करा. सारखी बाकी गेली, म्हणून वजाबाकीला १९ ने निःशेष भाग जातो. आणि ही वजाबाकी म्हणजे पुढे काही एक आणि मागे नुसती शून्यं. शून्यं म्हणजे १० चे गुणाकार, त्यांच्याशी १९ चा काही संबंध नाही. म्हणजे पुढच्या एकांनाच भाग गेला. १९ च्या बाबतीत तो अठरा एकांना जातो, उत्तर ५८४७९५३२१६३७४२६९.

अठरा एक म्हणजे गर्दी. ३, ७, ११, १३, १९, ३७ आणि आणखीही बरेच भागीदार. आणि त्यात एकच एक वाढवला की सगळे निघून जातात.

१११११११११११११११११११

हे एकोणीस एक. ११ नंतर एकांची हीच पहिली ओळ जिला कोणी भागत नाही. आईच्या अर्थाने खरा आहेर. मध्ये सतरा एक होते, त्यांनी बराच तग धरला, पण २०,७१,७२३ आणि ५,३६,३२,२२,३५७ यांनी त्यांना फोडलं.

हे मला कुठेतरी वाचून माहीत होतं, पण स्वतः भागून पाहिल्याशिवाय माझं समाधान होत नाही. दुकानातल्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर संख्या मावतच नाही. ऑफसेट आल्यावर हिशेबाला संगणक आला, म्हणून एक्सेलमध्ये एकोणीस एक टाईप केले. त्याने शेवटचे चार एक गुपचूप शून्य करून टाकले. एक्सेल पंधरा आकडेच धरून ठेवतो, पुढचं सोडून देतो. कागद, शाई, बायंडरची मजुरी यांचे हिशेब मी त्याच्यावर बिनधास्त टाकत होते, त्या दिवसापासून जरा जपून टाकते.

२०२० च्या उन्हाळ्यात प्रेस बंद, रस्ते बंद, मुलगा पुण्याहून घरी. मी त्याला म्हटलं, एवढं करून दे. त्याने पायथॉनमध्ये चार ओळी लिहिल्या. भाग किती संख्यांपर्यंत देऊन पाहायचा? वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे १०५ कोटी ४० लाखांपर्यंत. विषम संख्या घेतल्या तरी ५२ कोटींवर भागाकार. संगणक भणभणत बसला. मग मी त्याला ती फर्माची युक्ती सांगितली. अवयव असलाच तर तो ३८ च्या टप्प्यावर १ पुढे असणार. उमेदवार उरले पावणेतीन कोटींच्या आसपास. त्याने एक ओळ बदलली. चहा कपात ओतून होईपर्यंत उत्तर आलं. एकही नाही.

तो म्हणाला, "आई, हे तुला कुठून माहीत?" आयुष्यात त्याने मला विचारलेल्या प्रश्नांत हा माझा आवडता.

पावणेतीन कोटी भागाकार हाताने कोणी करणार नाही, पण एकोणीस एक अखंड आहेत हे माणसाला संगणकाच्या आधीच कळलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत ऑस्कर हॉपे यांनी ते सिद्ध केलं. मग तेवीस एकांची ओळही मूळ निघाली. त्यानंतर मोठी पोकळी, थेट ३१७ एक, आणि ते कळायला १९७० चं दशक उजाडलं. झिरो माइलवर हैदराबाद एक मैल अलीकडे असतं तर काय बहार होती! पुढची १,०३१ एकांची, विल्यम्स आणि डबनर यांची, १९८६ ची. म्हणजे ज्या वर्षी आमच्याकडे दुसरी ट्रेडल आली त्या वर्षीची. ४९,०८१ एकांची ओळ मूळ असावी असा डबनर यांचा १९९९ पासून अंदाज होता, पक्कं व्हायला २०२२ लागलं. अशा ओळी अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

एकोणीस एकांचा आणखी एक हट्टीपणा मला भारी वाटतो. १ ला ७ ने भागलं की दशांशात १४२८५७ हे सहा आकडे फिरत राहतात. १ ला ११ ने भागलं की दोन आकडे. फेरा किती आकड्यांचा हे त्या त्या मूळ संख्येवर. पण एकोणीस आकड्यांचा फेरा असलेली मूळ संख्या जगात एकच, आणि ती हीच. कारण तसा फेरा हवा तर एकोणीस नवांना भागता आलं पाहिजे. एकोणीस नव म्हणजे ९ गुणिले ही ओळ, आणि ही ओळ तर कोणाला आत येऊच देत नाही. १ ला तिने भागा, अठरा शून्यं आणि एक नऊ, पुन्हा अठरा शून्यं आणि एक नऊ, असं चालू राहतं.

वाचायची कशी ही? बाबांनी लहानपणी पाठ करून घेतलं होतं. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. थोडी वेगळी नावं धरून हीच माळ भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे. मोजून पाहा, अठरा नावं. आपल्याला हवीत एकोणीस. आपल्या पूर्वजांची नावं बरोबर एक घर आधी संपली. पहिला एक बिननावाचा, म्हणून तो शेजारच्या परार्धाच्या मांडीवर बसवायचा आणि म्हणायचं, अकरा परार्ध, एक मध्य, एक अंत्य, एक जलधी, एक शंकू... म्हणजे या संख्येची सुरुवातही पुन्हा ११ नेच. सेकंदाला एक रुपया मोजत बसलं तर ३,५०० कोटींवर वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं धरतात.

खिळे आता नाहीत. २००३ साली शिसं किलोवर गेलं. भंगारवाला हातगाडीवर केसा चढवत होता आणि मामा दुकानाच्या पायरीवर पाठ करून बसले होते. मी १ चा खण तेवढा काढून घेतला, बिस्किटाच्या डब्यात. २०११ साली ११-११-११ च्या मुहूर्ताच्या पत्रिका आल्या तेव्हा संगणकावर एक दाबत गेले, दाबत गेले, संपलेच नाहीत. अगदी बेचव काम.

मागच्या महिन्यात भाच्याचं लग्न होतं. आई आता नाही, पाकीट मीच भरते. मनात आलं, रक्कम ठेवू ऐपतीची, पण पाकिटावर छापू एकोणीस एक. हाताने. डबा काढला, जुनी स्टिक होतीच. एकोणीस खिळे लावले, शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवून दाबला. ओळ सुंदर उठली. जरा झिजलेली, एखादा एक पुसट, पण जिवंत.

बाबा आता ८६ चे आहेत. मोतीबिंदूनंतर एक डोळा जवळजवळ गेला, दुसरा अंधूक. कागद त्यांना दाखवून उपयोग नव्हता, म्हणून मी स्टिकच त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा डावीकडून उजवीकडे फिरवला, सावकाश, प्रत्येक खिळ्यावर क्षणभर थांबत. शाई अंगठ्याला लागत होती. मध्येच थांबले, एक खिळा मागे गेले.

"आठवा नवाचा आहे."

मी कागद खिडकीपाशी नेला. चष्मा लावला. आठवा नवाचा होता. त्या रात्री त्यांच्या निवडण्यातून सुटलेला, किंवा मी नंतर कधी टाकलेला, देव जाणे. मनात आपोआप बेरीज झाली. अठरा एक आणि एक नऊ, सत्तावीस. म्हणजे ९ ने भाग जातो. तो ९ कुठेही बसला असता तरी गेलाच असता.

मी बाबांना तसं सांगितलं.

"मग काढ ना तो," बाबा म्हणाले आणि अंगठा धोतराला पुसला.